कीर्तीचे भांडवल

कारखाने बंद पडलेल्या नगराजवळ विकावयास काय उरते, हा प्रश्न एरव्ही अर्थशास्त्रज्ञांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता आले असते. परंतु त्याच्या उत्तरात जेव्हा कवी आणि कादंबरीकार यांची नावे येऊ लागतात, तेव्हा साहित्याच्या उपासकाने त्यात लक्ष घालणे अगत्याचे होते. यंत्रे उचलून दुसऱ्या देशी नेता येतात. कुशल कामगारांच्या जागी स्वस्त कामगार मिळविता येतात. पण अमुक एक कवी अमुक एका गावी जन्मास आला, ही गोष्ट मात्र कोणाही परदेशी प्रतिस्पर्ध्याला हिरावून नेता येत नाही. म्हणूनच गेल्या चाळीसपन्नास वर्षांत युरोप-अमेरिकेतील कित्येक उद्योगहीन नगरांनी आपल्या दिवंगत साहित्यिकांकडे नव्या आशेने पाहावयास आरंभ केला आहे. त्यांची जन्मघरे राखली जातात, पुतळे उभे राहतात, प्रवाशांसाठी नकाशे छापले जातात, आणि या मार्गाने नगराचा जीर्णोद्धार होईल अशी अपेक्षा बाळगली जाते. ही अपेक्षा न्याय्य आहे काय? ज्या लेखकाला हयातीत आपल्या गावाने फारसे जवळ केले नाही, आणि ज्याने गावाविषयी गोड बोलण्याचे सौजन्यही फारसे दाखविले नाही, त्याच्या कीर्तीवर त्या गावाचा हक्क कोणत्या नात्याने पोहोचतो? आणि पोहोचत असलाच, तर त्या हक्काबरोबर काही कर्तव्यही येते की नाही?

अशा प्रश्नांची चर्चा मोघमपणे केली म्हणजे दोन्ही बाजूंनी सुभाषितांची देवघेव होते आणि निष्पन्न काहीच होत नाही. त्यापेक्षा एखादे प्रत्यक्ष नगर डोळ्यांपुढे ठेवणे बरे. मी नॉटिंगहॅम घेतो.

इंग्लंडच्या मध्यभागातील हे नगर आपल्याकडील मागील पिढीला पुस्तकांच्या आधी सायकलीमुळे ठाऊक झाले. दारात रॅले सायकल उभी असणे ही एके काळी आपल्या लहान गावांतून मोठी प्रतिष्ठेची गोष्ट होती. पुढे सेन-रॅले या जोडनावाने आसनसोल येथे तिचा कारखानाही निघाला. रॅले सायकल, प्लेअर्सची सिगारेट, बूट्स कंपनीची औषधे ही सारी नॉटिंगहॅमची प्रजा. आणि या सर्वांच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, यंत्रावर विणलेल्या नाजूक लेसने या नगराचे नाव जगभर पोहोचविले होते. १९५१ च्या सुमारास रॅलेच्या कारखान्यातून वर्षाला दहा लाखांहून अधिक सायकली बाहेर पडत. तेथील सायकलींचे उत्पादन २००२ साली थांबले. सिगारेटचा अखेरचा कारखाना २०१६ साली बंद झाला. भोवतालच्या कोळशाच्या खाणी तर त्यापूर्वीच मिटल्या होत्या. ज्या वखारींतून लेसचे गठ्ठे निघत, त्यांत आता सदनिका आणि उपाहारगृहे आहेत. सायकलीच्या कारखान्याच्या जागेच्या एका भागावर १९९९ साली विद्यापीठाचे नवे आवार उघडले. विद्यापीठ आले हे चांगलेच झाले, असे माझ्यासारख्या प्राध्यापकाने न म्हणावे तर कोणी म्हणावे? परंतु लेथवर हात चालविणाऱ्या माणसाला त्या आवारात कोणते काम मिळाले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

अशा या नगराला डिसेंबर २०१५ मध्ये युनेस्कोने 'साहित्यनगर' ही पदवी दिली. ही पदवी प्रथम २००४ साली एडिंबरोला मिळाली. आपल्या देशात ती २०२३ साली कोझिकोडला लाभली. ज्या योजनेखाली ती दिली जाते, त्या योजनेचा हेतू केवळ सन्मानाचा नाही. कला आणि सर्जनशीलता यांच्या आधारे नगरांचा विकास व्हावा, असे तिच्यात उघडपणे म्हटलेले आहे. म्हणजे साहित्य हे येथे नुसते भूषण नसून साधन आहे. नॉटिंगहॅमने या कामी ज्या साहित्यिकांची नावे पुढे केली, त्यांत तीन अग्रगण्य: लॉर्ड बायरन, डी. एच. लॉरेन्स आणि ॲलन सिलिटो. एक उमराव, एक खाणकामगाराचा मुलगा आणि एक कारखान्यातील कामगाराचा मुलगा. या तिघांचा त्या नगराच्या उद्योगधंद्याशी काय संबंध आला, हे पाहिले म्हणजे आपला प्रश्न वाटतो त्याहून बराच अवघड असल्याचे ध्यानात येते.

बायरनपासून आरंभ करू. १८११ साली नॉटिंगहॅमच्या आसपास मोजे विणणाऱ्या कारागिरांनी मालकांचे माग फोडावयास सुरुवात केली. मजुरी उतरली होती, हलका माल विणून बाजार बिघडविला जात होता, आणि घरोघर उपासमार होती. सरकारने उपाय काढला तो असा, की माग फोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षा द्यावी. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी चोवीस वर्षांच्या बायरनने उमरावांच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले, ते या विधेयकाच्या विरोधात. ही माणसे दारिद्र्याने या थराला आणली आहेत आणि फास हे भुकेवरचे औषध नव्हे, असा त्या भाषणाचा इत्यर्थ होता. विधेयक अर्थात संमत झाले. पुढच्याच पंधरवड्यात 'चाइल्ड हॅरल्ड'चे पहिले दोन सर्ग प्रसिद्ध झाले आणि बायरन एकाएकी प्रख्यात झाला. भाषण लोक विसरले. त्याची वडिलोपार्जित न्यूस्टेडची वास्तू त्याने कर्जापायी विकली. ती अनेक हातांतून फिरत १९३१ साली नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेच्या स्वाधीन झाली. १८२४ साली ग्रीसमध्ये त्याचा अंत झाला, तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबीने त्याला जागा नाकारली. नॉटिंगहॅमात मात्र शवपेटिकेच्या दर्शनाला लोकांची रीघ लागली, आणि जवळच्या हकनॉल येथील चर्चमध्ये त्याला विश्रांती मिळाली. लंडनला त्याची आठवण होऊन ॲबीत त्याच्या नावाची शिला बसावयास १९६९ साल उजाडावे लागले. बायरनच्या बाबतीत, म्हणून, नॉटिंगहॅमचा दावा बराच स्वच्छ आहे. तो त्यांच्या बाजूने बोलला होता, आणि त्यांनी त्याला नाकारले नाही.

लॉरेन्सची गोष्ट इतकी सरळ नाही. तो नॉटिंगहॅमपासून आठ मैलांवरच्या ईस्टवुड या खाणीच्या गावी १८८५ साली जन्मला. बाप खाणीत कोळसा फोडणारा, जेमतेम अक्षरओळख असलेला, मद्यप्रिय. आई शिक्षिकेचे काम केलेली, वाचनाची आवड असलेली, नवऱ्याच्या पिठ्यातल्या संध्याकाळींनी कष्टी झालेली. मुलाने शिष्यवृत्ती मिळविली, नॉटिंगहॅमच्या हायस्कुलात आणि पुढे तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतले, आणि १९१३ साली 'सन्स अँड लव्हर्स' या कादंबरीत आपले घर, आपले गाव आणि आपली आई अशा रीतीने उभी केली, की गावाला ते आजही विसरता आलेले नाही. कितीतरी शेजाऱ्यांना आपली चेहरेपट्टी त्या पुस्तकात दिसली आणि ती त्यांना आवडली नाही. पुढे 'लेडी चॅटर्लीज् लव्हर' हे १९२८ साली फ्लॉरेन्समध्ये खासगीरीत्या छापले गेले, तेव्हा तर सद्गृहस्थांच्या घरी त्याचे नाव काढण्याचीही सोय राहिली नाही. या पुस्तकाशी आपलाही संबंध आला आहे, याचे वाचकांस कदाचित स्मरण असेल: लंडनमध्ये १९६० साली पेंग्विनचे प्रकाशक निर्दोष सुटले, परंतु मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला हेच पुस्तक विकल्याबद्दल झालेली शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली. लॉरेन्स स्वतः तोवर केव्हाच निघून गेला होता. १९३० साली फ्रान्समध्ये तो वारला, आणि त्याची रक्षा अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या डोंगरात आहे. ईस्टवुडला तिचा कणही लाभला नाही.

मृत्यूनंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला त्याचा एक निबंध आहे, नॉटिंगहॅम आणि भोवतालचा खाणीचा मुलूख या विषयावरचा. नगरांच्या जीर्णोद्धाराविषयी ज्यांना बोलावयाचे आहे त्यांनी तो अवश्य वाचावा. त्यात त्याने खाणमालकांवर ठेवलेला ठपका फार वेगळा आहे. मजुरी कमी दिली, अपघात होऊ दिले, हे तर झालेच. पण त्याची खरी तक्रार अशी, की त्यांनी या माणसांना कुरूपतेत राहावयास लावले. अंधारात काम करणाऱ्या खाणकामगाराला फुलांची, मोकळ्या रानाची, सौंदर्याची ओढ असते. ती ओढ मारून टाकून त्याच्यापुढे विटांच्या कळकट रांगा उभ्या केल्या, हा त्याच्या मते गुन्हा. आणि यावर त्याने सुचविलेला इलाज? माझे जन्मगाव शेवटच्या विटेपर्यंत पाडा आणि मध्यभागी काही उदात्त असे ठेवून ते नव्याने रचा, असे तो सांगतो. म्हणजे पाहा: ज्याच्या नावाने नगराचा पुनरुद्धार करावयाचा, त्याने पुनरुद्धाराचा आराखडा स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि त्यात जन्मघराचे जतन करण्याचे कलम नाही!

तिसरा सिलिटो. हा १९२८ साली नॉटिंगहॅमात जन्मला. बाप निरक्षर, बराच काळ बेकार. मुलाने चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि रॅलेच्या कारखान्यात काम धरले. विमानदलात नोकरीला असता मलायात त्याला क्षयाने गाठले, आणि रुग्णालयातील त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याचे खरे वाचन झाले. १९५८ साली निघालेल्या 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' या त्याच्या कादंबरीचा नायक सायकलीच्या कारखान्यात लेथ चालवितो, आणि मालक, सरकार, युनियन, विवाहसंस्था या कशालाच मान देत नाही. दोन वर्षांनी तीवर चित्रपट निघाला, तेव्हा एका स्थानिक खासदाराने आमच्या नगराची यात बदनामी आहे अशी हाकाटी केली. त्याच सिलिटोला नगराने २००८ साली, म्हणजे मृत्यूच्या दोन वर्षे आधी, मानद नागरिकत्व देऊन गौरविले.

आता पहिला आक्षेप घेऊ. ज्यांना दूर लोटले त्यांच्याच नावाचा आज उदो उदो करणे हा ढोंगीपणा नव्हे काय? मला तसे वाटत नाही. नगर म्हणजे एक माणूस नव्हे. ज्या शेजारणीला 'सन्स अँड लव्हर्स' वाचून संताप आला तिच्या पणतीने तेच पुस्तक शाळेत प्रेमाने वाचले, तर तिला तुझ्या पणजीचा राग पुढे चालव असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पिढी बदलली म्हणजे निकाल फिरविण्याचा हक्क तिला असतोच. आपल्याकडे ज्ञानदेवांच्या भावंडांना वाळीत टाकणारे आणि त्यांच्या पालखीपुढे लोटांगण घालणारे एकाच समाजातले. नंतरच्यांना आपण ढोंगी म्हणत नाही. लेखकाची संमती घेतली नाही, हा आक्षेपही मला फारसा वजनदार वाटत नाही. जगात नाव मागे ठेवून जाणाऱ्याने त्या नावाचे पुढे काय व्हावे याची हमी मागू नये. पुस्तकावरील स्वामित्वहक्क काही वर्षांनी संपतो, कारण कायद्यालाही इतके कळते की शब्द कायमचे कोणाच्या मालकीचे राहत नाहीत. कीर्ती तर त्याहून निसटती. ती लेखकाचीही पुरती नसते. वाचणाऱ्यांच्या मनांत ती राहते, आणि ते वाचीत आहेत तोवरच राहते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो पुष्कळ रसिकांना अधिक बोचतो. कवीच्या नावावर चहाचे पेले आणि हातरुमाल विकावेत? ईस्टवुडला तर लेडी चॅटर्लीच्या नावाने एक मद्यगृह निघाले. ज्या घरात पिठ्यापायी आईच्या डोळ्याला डोळा लागत नसे, त्या घरातल्या मुलाच्या पुस्तकाचे नाव! नियतीला विनोदबुद्धी असते हे खरे. तथापि पैशाचा हा तिटकारा मला बहुधा पोट भरलेल्या माणसाचा वाटतो. ज्या नगरात हजारोंची कामे गेली, तेथे एखाद्या प्रवाशाच्या येण्याने बसचालकाला, खानावळीतल्या पोऱ्याला, जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला चार पैसे मिळाले, तर त्यात साहित्याचा कोणता विटाळ झाला? पंढरपुरात बुक्क्याची, तुळशीच्या माळांची आणि चुरमुऱ्यांची दुकाने आहेतच. त्यांच्यामुळे कोणी वारी भ्रष्ट झाली असे म्हणत नाही. मात्र यात एक गोष्ट विसरून चालत नाही. पंढरपूरची दुकाने चालतात ती वारी चालते म्हणून, आणि वारी चालते ती अभंग अजून लोकांच्या तोंडी आहेत म्हणून. क्रम असा आहे. अभंग विसरलेल्या समाजात नुसती दुकाने थाटून वारी निर्माण करता येईल, असा विश्वास ज्यांना वाटतो ते एक तर फार धूर्त असले पाहिजेत, नाही तर फार भोळे.

माझ्या मते साऱ्या प्रश्नाची मेख येथे आहे. नगर आपल्या साहित्यिकांना वारसा म्हणते, आणि वारसा या शब्दासरशी आपल्या मनात मिळकतीची कल्पना येते: बापाचे शेत, आजोबांचा वाडा. मिळकत राखावी, भाड्याने द्यावी, वेळ पडल्यास गहाण टाकावी. परंतु आपल्या परंपरेत वारशाची दुसरीही एक कल्पना आहे, आणि ती अधिक खोल आहे. मनुष्य जन्मतो तोच तीन ऋणे घेऊन, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे: देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने, आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने. पूर्वजांनी जे ज्ञान, जे शब्द मागे ठेवले, त्यांची परतफेड स्मारक बांधून करा असे कोठेही म्हटलेले नाही. ते शिका आणि पुढच्याला शिकवा, एवढेच म्हटले आहे. साहित्यिकाशी नगराचे नाते लावावयाचे असेल तर ते हेच. बायरन आणि लॉरेन्स हे नॉटिंगहॅमचे भांडवल असण्याआधी त्याचे सावकार आहेत. आणि सावकाराच्या नावावर व्यापार करणाऱ्याने निदान व्याज तरी वेळच्या वेळी भरावे.

हे व्याज कोठे भरावयाचे, याचे उत्तर त्या लेखकांच्या चरित्रातच सापडते. ईस्टवुडला कारागिरांसाठी काढलेली एक संस्था होती, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. तिचे लहानसे ग्रंथालय आठवड्यातून एका संध्याकाळी उघडे. तरुण लॉरेन्स आणि त्याची मैत्रीण जेसी चेंबर्स तेथून दर आठवड्याला पुस्तके नेत, आणि दोघांच्या घरची माणसे ती वाचीत. जेसीने पुढे १९३५ साली लिहिलेल्या आठवणींत या वाचनाची जी हकीकत दिली आहे, ती वाचताना मला नेहमी वाटते की इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात त्या एका खोलीचे स्थान कोणत्याही विद्यापीठाहून उणे नाही. खाणकामगाराच्या मुलाला ती पुस्तके विकत घेणे शक्यच नव्हते. ते दार बंद असते तर आज ईस्टवुडला दाखवावयास जन्मघरही नसते. असते ते रांगेतले एक घर.

हा दाखला मनात ठेवून नॉटिंगहॅमची अलीकडची वर्षे पाहावीत. साहित्यनगराची पदवी मिळून सहा वर्षे होऊन गेली असता, २०२२ साली, नगरपालिकेपुढे तीन शाखा-ग्रंथालये बंद करण्याचा प्रस्ताव आला: ॲस्प्ली, बॅसफर्ड आणि रॅडफर्ड-लेंटन. रॅडफर्ड म्हणजे ज्या गल्ल्यांत सिलिटो वाढला आणि ज्या गल्ल्या त्याने आपल्या कादंबरीत उतरविल्या, तो भाग. वाचकांनी जोराचा विरोध केला आणि तो बेत त्या वेळी मागे पडला. पुढे नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस दोन घटना लागोपाठ घडल्या. नगराचे नवे, भव्य मध्यवर्ती ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. आणि त्याच आठवड्यात नगरपालिकेने कायद्याच्या ११४व्या कलमान्वये जाहीर केले, की वर्षाच्या खर्चाची तोंडमिळवणी आपल्याला करता येत नाही. सामान्य भाषेत याला दिवाळे म्हणतात. कवीची कल्पनाही असा प्रसंग रचण्यास धजली नसती.

या नगरपालिकेला नुसता दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. वीज-गॅस पुरविण्याच्या व्यापारात पडून तिने स्वतःच्या हाताने पैसा बुडविला हे खरे. परंतु वर्षानुवर्षे मध्यवर्ती सरकारचे अनुदान आटत गेले आणि वृद्धांची व अनाथ मुलांची जबाबदारी मात्र वाढत गेली, हेही तितकेच खरे. आणि साहित्यनगर म्हणून जी संस्था तेथे काम करते तिने मुलांचे वाचन हा आपला एक मुख्य उद्देश मानला आहे. ती नुसते फलक लावीत बसलेली नाही. तरीसुद्धा अडचणीच्या काळात प्रथम काय तोडावयाचे, यावरूनच माणसाचा काय आणि नगराचा काय, खरा विश्वास कशावर आहे ते कळते. मध्यवर्ती ग्रंथालय डोळ्यांत भरते. परगावच्या पाहुण्याला ते दाखविता येते. रॅडफर्डच्या शाखेत पाहुणा कधीच जाणार नाही. तेथे जाणार तो बसचे भाडे परवडत नाही म्हणून पायी येणारा पोरगा. निवड करण्याची पाळी आली तर मी पोऱ्याच्या बाजूने कौल देईन, आणि मला वाटते, सिलिटोनेही तोच दिला असता.

आणखी एक धोका आहे. तो पैशाचा नाही, म्हणून त्याच्याकडे कमी लक्ष जाते. नगर जेव्हा लेखकाचे नाव घेऊन स्वतःची जाहिरात करते, तेव्हा ते नाव घेते आणि राग गाळून टाकते. बायरनचा पुतळा गोड दिसतो. पण यंत्राने ज्यांची भाकरी हिरावली त्यांना गुन्हेगार ठरविण्याआधी विचार करा, हे त्याचे म्हणणे आजही गैरसोयीचे आहे, आणि कारखाना बंद पडलेल्या नगरात तर ते फारच जवळचे आहे. सिलिटोच्या नायकाला ज्या कारखान्याचा वीट आला होता त्याच्या आठवणींवर आता हळवे लेख लिहिले जातात. जुन्या वखारींतल्या महाग सदनिकांच्या भिंतींवर लेस विणणाऱ्या बायकांची छायाचित्रे शोभतील. त्या बायकांच्या नातींना त्या सदनिकेचे भाडे झेपेल काय, हे छायाचित्र सांगत नाही. या बाबतीत आपण मुंबईकरांनी इंग्रजांना शिकवावे असे काही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव जे उजाडले ते उजाडलेच. गिरण्यांच्या जमिनीवर बाजारसंकुले आणि मनोरे उठले, आणि कोठे कोठे धुराडे तेवढे शोभेला राखले गेले. त्याच गिरणगावाने आपल्याला नारायण सुर्वे दिले, रस्त्यावर सापडलेल्या ज्या मुलाला एका गिरणीकामगाराने घरी नेऊन वाढविले. आणि वाटेगावाहून पायी मुंबईला येऊन गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे दिले. उद्या एखाद्या मनोऱ्याच्या दिवाणखान्यात सुर्व्यांच्या ओळी सोनेरी अक्षरांत झळकल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्या ओळी कोणी कोणाला उद्देशून लिहिल्या होत्या, हे तेथे बसणाऱ्यांना ठाऊक असावे, इतकीच अपेक्षा. आणि ठाऊक झाल्यावरही त्यांनी त्या तशाच राहू दिल्या, तर ते निःसंशय मोठ्या मनाचे लोक म्हणावे लागतील.

जाता जाता ईस्टवुडमधील एका इमारतीविषयी सांगितले पाहिजे. डर्बन हाउस तिचे नाव. खाण कंपनीची ही कचेरी. शुक्रवारी बापाची मजुरी आणावयास बाल लॉरेन्सला येथे पाठवीत. मोठ्या माणसांच्या गर्दीत, कारकुनाच्या थट्टेला तोंड देत, भेदरून पैसे घेणारा तो मुलगा 'सन्स अँड लव्हर्स'च्या चौथ्या प्रकरणात पॉल या नावाने आला आहे. ईस्टवुड ज्या शेजारच्या नगरपालिकेच्या हद्दीत मोडते तिने या इमारतीत लॉरेन्सच्या नावाचे वारसाकेंद्र चालविले होते. खर्च परवडेना म्हणून २०१६ साली ते बंद झाले. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचे जन्मघर तेवढे राहिले. वर्गात हे प्रकरण शिकविताना मी नेहमी त्या शुक्रवारच्या परिच्छेदाशी थांबतो. मुलांपैकी कोणी ना कोणी विचारतो, की एवढ्याशा गोष्टीची त्याला इतकी लाज का वाटावी? उत्तर बहुधा मागच्या बाकावरून येते, ज्याच्या घरी आठवड्याच्या मजुरीवर चूल पेटते अशा एखाद्या मुलाकडून. पहिल्या रांगेला ते सहसा ठाऊक नसते.